अधातूची घंटा

अधातूंना नाद नसतो, हे मी नववीत पाठ केलं होतं. ते पटायला साठी गाठावी लागली, आणि दुसऱ्यांना पटवून द्यायला जे उपद्व्याप करावे लागले त्यामुळे आमच्या इमारतीत लोक अजूनही माझ्याकडे जरा जपूनच बघतात. बघू देत. मी बी.एस्सी. आहे, तेही रसायनशास्त्र घेऊन. पुढची सगळी हयात विमा कंपनीत दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे तपासण्यात गेली हे खरं, पण पदवी काही त्यामुळे गंजत नाही.

मरोळला गावठाणाच्या कडेला आमची चाळ होती. ती पाडून बिल्डरने दोन इमारती उभ्या केल्या. एक उंच, काचेची, विकायची; आणि दुसरी तिच्या सावलीत, आमच्यासाठी. आमच्या इमारतीला तो ‘रिहॅब’ म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आम्हाला कसलं तरी व्यसन सोडवायला इथे आणलंय. चाळीच्या तोंडाशी गणपतीचं देऊळ होतं, तेही त्याने नवं बांधून दिलं. गुळगुळीत फरशी, खोटं छत, छतात चांदण्यांसारखे बारीक दिवे आणि मधोमध एक सोनेरी घंटा. घंटा मुद्दाम खाली टांगली होती, कारण फोटो काढताना ती चेहऱ्याच्या रेषेत यायला हवी असं बिल्डरच्या माणसाचं म्हणणं होतं.

या माणसाचं नाव हर्षद. त्याच्या कार्डावर ‘कस्टमर डिलाइट मॅनेजर’ असं छापलेलं आहे. म्हणजे आम्हाला आनंद देण्यासाठी तो पगारी नेमलेला आहे. देवळाच्या उद्घाटनाला त्याने घंटा वाजवण्याचा पहिला मान गुणाजीकाकांना दिला, हे मात्र योग्यच होतं. गुणाजीकाका मालवणकडचे. गिरणीत होते तेव्हाही आणि गिरणी गेली तेव्हाही, दिवेलागणीला चाळीच्या देवळातली घंटा त्यांनी कधी चुकवली नाही. धुतलेला सदरा घालून ते पुढे आले, डोळे मिटले आणि लोलक ओढला.

‘टप्’ असा आवाज आला.

शेजारच्या खोलीत कुणी उशी टाकावी, एवढाच. काकांनी डोळे उघडले, पुन्हा ओढला, पुन्हा टप्. हर्षद तेवढ्यात पुढे होऊन म्हणाला की काका, हा सॉफ्ट टोन आहे, प्रीमियम प्रोजेक्टमध्ये असाच असतो. काकांनी घंटेला खालून-वरून हात लावून पाहिला.

“प्रकाशा, ही घंटा न्हय रे,” ते मला म्हणाले. “ह्या कायतरी भलताच आसा.”

आता मी काय करायला हवं होतं? प्रसादाचा पेढा घेऊन घरी यायला हवं होतं. पण मी बी.एस्सी. आहे. मी भर लोकांत बोलून गेलो की धातूला नाद असतो, हिला नाद नाही, त्याअर्थी ही घंटा धातूची नाही. रत्नप्रभाने, म्हणजे माझ्या बायकोने, मागून माझा सदरा ओढला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचं सदरा ओढणं मला नेहमी वाक्य पूर्ण झाल्यावरच कळतं.

आमची जुनी घंटा कुठे गेली, हा खरा प्रश्न होता. चाळ पाडताना बिल्डरच्या माणसांनी ती सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून नेली, आणि नंतर शिफ्टिंगमध्ये ती मिसप्लेस झाली असं हर्षद सांगत होता. ती घंटा काशाची होती. माझ्याच मजल्यावर राहणाऱ्या गिल्बर्टच्या वडिलांनी ती वसईहून ओतवून आणली होती. गिल्बर्ट गावठाणातला, त्याचं वडिलार्जित घरही याच प्रकल्पात गेलं. ख्रिस्ती माणसाने गणपतीला घंटा का द्यावी, असं कुणी विचारलं की गिल्बर्टचं उत्तर ठरलेलं असतं. तुमच्या लोकांनी वसई जिंकली तेव्हा आमच्या चर्चच्या घंटा काढून देवळांत टांगल्या. माझा बाप शहाणा, म्हणाला हे लोक घंटा नेणारच, मग आपणच आधी दिलेली बरी. हे तो इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगतो की ऐकणाऱ्याने माफी मागावी की हसावं ते समजत नाही.

गुणाजीकाकांना वाटायचं की ती घंटा कुठेही गेलेली नाही. अधूनमधून, विशेषतः शनिवार-रविवारी दुपारी, आपल्याला ती ऐकू येते असं ते म्हणत. मी त्यांना समजावलं होतं की उतारवयात कानातल्या नसा आपोआप वाजतात, त्याला वैद्यकीय नाव आहे. ते म्हणाले की नसा घंटेसारख्या वाजत असतील तर चांगलंच आहे, देवळाचा खर्च वाचला.

गोष्ट एवढ्यावरच राहिली असती. पण इमारत ताब्यात घेतल्याच्या पत्रावर सोसायटीच्या तिघांच्या सह्या हव्या होत्या. अध्यक्ष माणिकराव आणि खजिनदार नीलमताई यांच्या झाल्या होत्या. राहिलेला सचिव म्हणजे मी. पत्रात लिहिलं होतं, ‘देऊळ घंटेसह मिळाले’ आणि त्याखाली, ‘जुन्या कोणत्याही वस्तूवर आमचा दावा नाही.’ विमा कंपनीत राहून माणूस एकच गोष्ट शिकतो, बारीक अक्षरात लिहिलेलं आधी वाचायचं. मी सही केली असती तर आमची घंटा कायमची गेली असती. मी पेन खिशात घातलं आणि हर्षदला सांगितलं की ही घंटा धातूची आहे हे ठरल्याशिवाय सही होणार नाही.

त्याने शांतपणे सांगितलं की मग पाइपचा गॅसही ताब्याच्या पत्राशिवाय सुरू होणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी इमारतीचा शत्रू झालो. सिलिंडरची गाडी आली की बायका माझ्या खिडकीकडे बघायच्या. माणिकराव लिफ्टमध्ये भेटले की वरच्या आकड्यांकडे बघायचे. एकाने मला विचारलं की घंटा काय, मोबाईलवर लावली तरी देवाला कळणारच ना. मी त्याला म्हटलं की मग नैवेद्यही मोबाईलवरच दाखवत जा. त्याने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं, तेवढीच शांतता.

मात्र सल्ला देण्यात कुणी मागे राहिलं नाही. आपल्या लोकांचं हे बरं असतं, ते तुमच्यावर रागावलेले असले तरी सल्ला बंद करत नाहीत. नीलमताईंनी फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक आणून घंटेला लावलं. ते चिकटलं नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की घंटा लोखंडी नाही, म्हणजे पितळी आहे, म्हणजे चांगली आहे. मी सांगितलं की चुंबक पितळेला चिकटत नाही तसं ते नारळालाही चिकटत नाही. माणिकराव म्हणाले, चिंच लावून घासा, पितळ असेल तर उजळेल. घासली. सोनेरी रंग होता तसाच राहिला आणि देवळात मुंग्या झाल्या. कुणी म्हणालं वजन करा. वजन तर भरपूर होतं, टांगलेली साखळी ताणली गेली होती, आणि त्यामुळे माझ्या बाजूचे जे एक-दोघं होते तेही पलीकडे गेले.

मग मी सरळ मार्ग धरला, जो आपल्याकडे सर्वांत लांबचा असतो. घंटा एका प्रयोगशाळेत तपासायला द्यायची. तिथे विचारलं की वस्तूच्या मालकाचं पत्र आणलंय का. मालक कोण? ताबा मिळेपर्यंत मालक बिल्डर. हर्षदकडे पत्र मागितलं, तो हसून म्हणाला की सर, ताब्याच्या पत्रावर सही करा, मग मालक तुम्हीच, हवं तिथे तपासा. म्हणजे घंटा खोटी आहे हे सिद्ध करायला आधी ती खरी असल्याची सही करायची. मी प्रयोगशाळेतल्या खिडकीवर हा पेच समजावून सांगितला. तिथल्या बाई सहानुभूतीने म्हणाल्या की तुमच्यासारखे बरेच येतात.

शेवटी मी जाहीर केलं की रविवारच्या सभेत मी स्वतः प्रयोग करून दाखवणार. धातू विजेचे सुवाहक असतात, अधातू दुर्वाहक. सेल, तार, बल्ब. तारेची दोन टोकं घंटेला लावायची. बल्ब पेटला तर धातू, नाही पेटला तर अधातू. याच्यापेक्षा सोपं काय असणार? सभेला सगळी इमारत लोटली. हर्षदही आला होता. मी ग्राफाइटचा अपवाद, हिऱ्याचा अपवाद, पारा द्रव असूनही धातू कसा, हे सगळं समजावलं. थोडं लांबलं असेल. गिल्बर्टने मागून विचारलं की प्रकाश, बल्ब आज पेटवणार की दिवाळीला. मी तारा लावल्या.

बल्ब पेटला.

नुसता पेटला नाही, चांगला लखलखून पेटला. माझ्या घरच्या ट्यूबलाइटनेही इतक्या तत्परतेने कधी काम केलेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हर्षदने माझा हात हातात घेऊन सांगितलं की काका, सायन्सने प्रूव्ह केलं, आता सही. मी म्हटलं, सेल तपासावे लागतील. इतकं केविलवाणं वाक्य मी नोकरीतही कधी उच्चारलं नव्हतं. घरी आल्यावर रत्नप्रभाने गॅसचा सिलिंडर हलवून पाहिला आणि तो संपत आलाय एवढंच म्हणाली.

खरं सांगतो, मला फार लागलं. लोक हसले म्हणून नव्हे. गुणाजीकाका सभेनंतर एकटेच देवळापाशी उभे होते, आणि त्यांनी हळूच, कुणी बघत नाहीसं पाहून, लोलक पुन्हा ओढला. टप्. मग त्यांनी घंटेला नमस्कार केला. जी वाजत नाही तिलाही नमस्कार केला, कारण देवळातली वस्तू. तेव्हा मला वाटलं, करून टाकावी सही. गॅस येईल, लोक बोलतील, गुणाजीकाकांना सवय होईल. आमच्या जातकुळीचे लोक हेच करत आलेत.

रसायनशास्त्रात धातू असतात, अधातू असतात आणि मधे धातुसदृश नावाचा एक गट असतो. दिसायला धातूसारखे चकचकीत, आतून ठिसूळ. ना धड इकडचे, ना धड तिकडचे. मध्यमवर्गीय माणूस शास्त्रात बसवायचा झाला तर तिथेच बसेल. बिल्डरसमोर वाकत नाही आणि त्याच्याविरुद्ध उभाही राहत नाही. पण या गटाची एक खोड पुस्तकात दिलेली आहे आणि ती मला त्या संध्याकाळी आठवली. धातू तापवला की त्याची वीज वाहण्याची ताकद कमी होते. सिलिकॉनसारख्या धातुसदृशाचं उलटं आहे. तो जितका तापेल तितका जास्त वाहतो. थंड असेपर्यंत त्याच्यापासून कुणाला काही भीती नाही. आणि मी आता तापलो होतो.

बाकीचं काम न्हाणीघरातल्या नळाने केलं. सकाळी तोंड धुताना नळाच्या चकचकीत मुठीचा एक पापुद्रा माझ्या बोटाला लागून निघाला. खाली पांढरं प्लास्टिक. वरून मुलामा, आत प्लास्टिक. पापुद्रा धातूचाच होता, अगदी पातळ. वीज त्यातूनही धावली असती. मी तसाच, तोंडाला पेस्ट लागलेली, गिल्बर्टचं दार वाजवलं आणि त्याला सांगितलं की बल्ब खोटं बोलला नव्हता, त्याने फक्त वरवरचं सांगितलं. गिल्बर्ट म्हणाला की आधी चूळ भर.

वीज वरच्या थरातून जाते, ठीक. पण उष्णतेला पोटात शिरावं लागतं. धातू असेल तर घंटा नुसती तापेल, प्लास्टिक असेल तर लोळागोळा होईल. म्हणजे घंटेखाली विस्तव धरायचा. इथपर्यंत माझा विचार गेला आणि तेवढ्यात हर्षदची नोटीस देवळाबाहेर लागली. देवळातल्या कोणत्याही वस्तूवर हत्यारे, रसायने किंवा शेगडी, बर्नर अशी उपकरणे वापरण्यास मनाई. चिंचेच्या मुंग्यांचे फोटोही सोबत लावले होते.

मी नोटीस बारीक अक्षरांसकट वाचली. पूजेला मनाई नव्हती. तशी मनाई बिल्डरच काय, कुणीच करू शकत नाही. आणि कुठल्याही पूजेत देवाच्या आधी घंटेची पूजा होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. गंध, फूल, अक्षता, मग कापूरआरती. कापूर हे रसायन आहे, पण ते फक्त मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी घंटापूजन ठेवलं. माझी प्रयोगातली हार मी मान्य केली असून आता नव्या घंटेची रीतसर पूजा करून सही करणार आहे, असा लोकांनी समज करून घेतला. मी तो मोडला नाही. हर्षद पत्र आणि पेन घेऊनच आला. रत्नप्रभाने शिरा केला होता. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “अहो, नाही वितळली तर आपण दहिसरला माझ्या भावाकडे राहायला जाऊ.” यावेळी तिने सदरा ओढला नाही, याचा मला फार आधार वाटला.

गुणाजीकाकांनी घंटेला गंध लावलं, फूल वाहिलं. कापूरआरतीचा मान मी पाहुण्याला, म्हणजे हर्षदला दिला. लांब दांड्याची पितळी आरती, तिच्यात कापराचे चांगले मोठे तुकडे. पूजा घंटेची असल्याने आरती घंटेखाली धरायची हे काकांनी त्याला दाखवलं. मग आरत्या सुरू झाल्या.

कोकणातल्या माणसांच्या आरत्या ज्याने ऐकलेल्या नाहीत त्याला इथे काय घडलं ते कळणार नाही. एक संपली की आरती संपली असं आमच्यात नसतं. प्रत्येक घराची एक ठेवणीतली आरती असते आणि ती म्हटली गेली नाही तर ते घर वर्षभर अबोला धरतं. गिल्बर्टने टाळ घेतला होता. त्याला आरत्यांचे शब्द येत नाहीत पण ठेका कुणापेक्षाही पक्का येतो. कापूर संपत आला की मी नवा टाकत होतो. तिसऱ्या घराच्या आरतीला हर्षद माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “सर, दांडा गरम होतोय.”

“पितळ आहे,” मी म्हटलं. “धातूतून उष्णता जाते. रुमाल धरा.”

त्याने रुमाल धरला. मान मिळालेला माणूस आरती मध्येच खाली ठेवू शकत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. आणखी दोन घरं झाली. मग घंटेच्या एका कडेवर घाम फुटावा तसा थेंब दिसला. सोनेरी पापुद्रा चुरगळला, कड खाली ओघळली, भपकन काळा धूर निघाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास कापरावर मात करून पसरला. लोक गात राहिले, कारण मध्येच थांबणं अशुभ. पुढच्या ओळीला घंटेचं पोट फाटलं आणि त्यातून भसाभसा वाळू हर्षदच्या बुटांवर पडली. वजन कुठून आलं होतं ते कळलं. तेव्हा मात्र आरती थांबली. काकांनी कलशातलं पाणी घंटेवर ओतलं, आणि गिल्बर्टने मान वर करून खोट्या छतातल्या धुराच्या गजराकडे बघितलं. एवढा धूर होऊन तो गप्पच होता. “प्रकाश,” तो म्हणाला, “हा पण अधातू आहे काय रे?”

कुणी हसलं नाही. देवळात इतकी शांतता झाली की कापूर तडतडलेला ऐकू आला.

आणि त्या शांततेत पलीकडून घंटा वाजली.

एकदाच. खणखणीत, लांबपर्यंत रेंगाळणारी. टाळ नाही, मोबाईल नाही, कानातली नस तर नाहीच. ती सगळ्यांनी ऐकली. गुणाजीकाकांनी माझ्या दंडाला धरलं.

“आयकलंस?” ते म्हणाले. “माझे कान अजून शाबूत आसत.”

आवाज रस्त्यापलीकडच्या सेल्स ऑफिसातून आला होता. मी पुढे, काका माझ्या दंडाला धरून, मागे शिऱ्याचं पातेलं घेतलेली रत्नप्रभा आणि तिच्यामागे सगळी इमारत, टाळासकट. हर्षद एका पायातला बूट झाडत मागून धावत होता आणि आपण हे ऑफिसमध्ये बसून डिस्कस करू, असं सांगत होता. आम्ही ऑफिसातच चाललो होतो.

आत थंडगार हवा, काचेखाली इमारतींची खेळणी आणि कोपऱ्यात सागवानी खांबावर, लाल फीत बांधून, दिव्याच्या झोतात आमची घंटा टांगलेली. शेजारी एक नवरा-बायको हातात मिठाईचा डबा घेऊन फोटो काढत होते. त्यांनी नुकताच फ्लॅट ठरवला होता. फ्लॅट ठरला की गिऱ्हाइकाने ही घंटा वाजवायची, अशी तिथली पद्धत होती. शनिवार-रविवारी गिऱ्हाइकं जास्त. आमच्या देवाची घंटा आमच्याच जमिनीचे तुकडे विकले गेल्याची दवंडी पिटत होती, आणि गुणाजीकाका पलीकडे बसून ते ऐकत होते. मी त्यांना नसांचं वैद्यकीय नाव सांगितलं होतं.

हर्षद म्हणाला की ही हेरिटेज डेकोरची वस्तू आहे, तुमचीच कशावरून. गिल्बर्ट पुढे झाला आणि त्याने घंटेच्या कडेखाली बोट फिरवलं. लहानपणी त्याने स्टंपने तिच्यावर एक टोला हाणला होता आणि वडिलांचा मार खाल्ला होता. पितळेला पोचा पडला असता. कासं ठिसूळ, त्यात कथील भरपूर, त्याचा टवकाच उडतो. “हा बघ टवका,” गिल्बर्ट म्हणाला. “आणि ही माझ्या पाठीवरची खूण. दाखवू?”

हर्षद नको म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला, मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की काका, तुम्ही सही करा, उद्या घंटा तुमच्याकडे, गॅस पण आठवड्यात. मागे वळून बघितलं तर माणिकराव उभे होते, लिफ्टच्या आकड्यांकडे बघणारे माणिकराव. मला वाटलं आता हे म्हणणार, करा सही. ते म्हणाले, “प्रकाशभाऊ, धुराच्या गजराचं पण विचारा.”

मी सांगितलं, आधी घंटा. हर्षद म्हणाला, घंटेवर कंपनीचा टॅग आहे, बाहेर न्यायला गेट पास लागतो, आणि गेट पास देणारं हेड ऑफिस रविवारी बंद असतं. नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, अगदी बरोबर, नियम पाळलेच पाहिजेत, आम्ही थांबतो. पण आमची पूजा अर्धी राहिली आहे आणि घंटा जिथे तिथे घंटापूजन.

काकांनी लाल फीत सोडली आणि लोलक धरला. ज्यांच्या घरच्या आरत्या राहिल्या होत्या ते अस्वस्थ झालेच होते. पहिली ओळ उठली आणि तिच्यावर घंटा पडली. काचा थरथरल्या, खेळण्यातल्या इमारती थरथरल्या. प्रत्येक कडव्याला घंटा. दारात नवी गिऱ्हाइकं येत, आतला देखावा बघत आणि परत फिरत. मिठाईवालं जोडपं मात्र चपला काढून आमच्यात येऊन उभं राहिलं. त्या बाईने विचारलं की हे सगळे आपले शेजारी होणार का. रत्नप्रभाने तिला शिरा दिला आणि सांगितलं की हो, आणि घरात गेल्यावर नळाच्या मुठी नखाने खरवडून बघा.

ते ऐकून हर्षद फोन घेऊन बाहेर पळाला. बंद असलेल्या हेड ऑफिसातून गेट पास त्याच्या मोबाईलवर आला तेव्हा अजून दोन घरांच्या आरत्या बाकी होत्या. आम्ही त्या पूर्ण केल्या. घाई कसली?

घंटा माणिकराव, गिल्बर्ट आणि आणखी कुणीकुणी मिळून रस्ता ओलांडून आणली. दिवेलागण झालीच होती. वितळून लोंबणारं सोनेरी प्लास्टिक काढून तिथे तिला टांगलं, फोटोच्या उंचीवर नाही, काकांच्या हाताच्या उंचीवर. त्यांनी डोळे मिटून लोलक ओढला. आवाज देवळातून निघून आमच्या जिन्यांवरून वर गेला, समोरच्या काचेच्या इमारतीवर आपटून परत आला, आणि काका तो पूर्ण विरेपर्यंत हात जोडून उभे राहिले. मला रडू आलं. मी कापराचा धूर डोळ्यात गेल्याचं सांगितलं. धूर केव्हाच गेला होता.

गॅस अजून आलेला नाही. सिलिंडरची गाडी येते, पण आता बायका माझ्या खिडकीकडे बघून हात करतात. काचेच्या इमारतीतून घंटेच्या आवाजाबद्दल एक तक्रार आली. मी लेखी उत्तर दिलं की नादमयता हा धातूचा गुणधर्म असून तो सोसायटीच्या अखत्यारीत येत नाही. परवा हर्षद पुन्हा पत्र घेऊन आला. बिचारा घामाघूम झाला होता, मी त्याला पाणी दिलं. ‘देऊळ घंटेसह मिळाले’ या ओळीपुढे मी लिहिलं, ‘होय, वाजवून घेतली.’ त्याने खाली सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

मी पेन खिशात घातलं आणि त्याला म्हटलं, “चला, आता धुराच्या गजराखाली कापूर लावू.”